आप्पांचं घरचं नेट

हेवा दोन शेजाऱ्यांत असला तर त्याला भांडण म्हणतात, दोन भावांत असला तर वाटणी म्हणतात. दोन साडूंत असला तर त्याला काहीच म्हणत नाहीत, कारण तो असायचाच असतो. दोन सख्ख्या बहिणी दोन घरी दिल्या की कुणाचं घर मोठं, कुणाचा बैल देखणा, कुणाचा जावई जास्त जेवतो, ही मोजमापं जन्मभर चालतात. पण साडू बहुधा दुसऱ्या गावात असतो, त्यामुळं हेवा सणावारी उफाळतो आणि बाकी दिवस झोपून राहतो. तेरच्या गुरुसिद्धप्पांचं दुर्दैव असं, की त्यांचा साडू समोरच आहे. मधे गल्ली, तीही इतकी अरुंद की दोन म्हशी शेजारून जायच्या म्हटल्या तर एकीला विचार करावा लागतो. आप्पांनी साखर तोलताना मान वर केली की आधी तराजूचा काटा दिसतो आणि मग शंभुलिंग.

गुरुसिद्धप्पांना सगळं गाव आप्पा म्हणतं. कपाळावर भस्माचे पट्टे, चष्म्याला दोरी, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी उभं राहून कुणी "आप्पा, गूळ आलाय का?" असं विचारलं तर "आलाय!" हे उत्तर नदीपर्यंत जावं. त्यांच्या किराणा दुकानापुढं एक लांब बाकडं आहे. माणसं शेतातनं परतली की संध्याकाळी या बाकड्यावर बैठक भरायची आणि आप्पा पेपरातले सोयाबीनचे भाव वाचायचे.

वाचायचे म्हणणं खरं तर बरोबर नाही. नापास पोराचं प्रगतिपुस्तक हातात आलेला बाप जसा वाचतो, तसे वाचायचे.

"लातूर!" आप्पा गरजायचे आणि थांबायचे. बाकडं श्वास धरायचं. मग आकडा. आकडा सांगून झाला की आप्पा चष्मा कपाळावर चढवायचे आणि थेट भावालाच धरायचे. "आरं, लाज हाय का तुला? दिवाळीच्या आदी कुठं हुतास आन् आता कुठं येऊन बसलास? तुला काय कमी केलं रे आमी? खत घातलं, फवारलं, भर पावसात वाकून वाकून गोगलगायी येचल्या! आन् तू असं तोंड घेऊन येतोस व्हय पेपरात?"

"बरं बोलला आप्पा!" म्हणून हरिबा मांडीवर थाप मारायचा. हरिबा हा बैठकीतला सगळ्यात आधी येणारा आणि सगळ्यात शेवटी उठणारा माणूस. "वाढंल, वाढंल" म्हणत त्यानं सोयाबीनची पोती घरातच थप्पी लावून ठेवलेली, आणि त्याची बायको त्या पोत्यांना वळसा घालून चुलीकडं जायची. आप्पांच्या शिव्यांनी भाव रुपयानंही हलायचा नाही, पण माणसं मोकळी होऊन घरी जायची. जाताना कुणी चहापत्ती न्यायचं, कुणी काडेपेटी. पण आप्पांना विक्रीपेक्षा ती बैठक प्यारी होती. नाटकवाल्याला जशी समोरची माणसं.

मग शंभुलिंगनं समोरचं धान्याचं गोदाम साफ केलं आणि त्यात 'शिवप्रिया ऑनलाईन सेवा' काढली. शिवप्रिया ही त्याची मुलगी. सातबारा, पीकविमा, लाईटबिल, सगळं एकाच खुर्चीत बसून. आप्पांनी उद्घाटनाला नारळ दिला, पेढा खाल्ला आणि घरी येऊन गिरिजाबाईंना म्हणाले, "पेढ्यात साखर जास्त हाय." इथवर हेवा साखरेवर भागला होता. पण शंभुलिंगनं मोठा पातळ मॉनिटर रस्त्याकडं तोंड करून लावला आणि त्यावर त्या दिवसाचे ताजे भाव झळकायला लागले. डोक्यावर पंखा, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या.

पहिल्यांदा दोन-तीन तरणी पोरं गेली. आप्पांनी मनाची समजूत घातली, पोरंच ती. मग एका संध्याकाळी आप्पा पेपर उघडून "लातूर!" म्हणाले आणि हरिबा उठून उभा राहिला.

"कुठं निघालास?"

"आप्पा, राग धरू नगा," हरिबा धोतर झटकत म्हणाला. "पण तुमचा भाव कालचा असतोय. भाव आज येगळाच, आन् तुमी कालच्याला झोडपलालाव. शिव्या शिळ्या हुत्यात बगा."

आणि तो गल्ली ओलांडून गेला. साडूनं कपडे चांगले घातले, गाडी घेतली, हे एक वेळ माणूस सोसतो. पण हरिबा नेला. त्या दिवशी आप्पांनी एका गिऱ्हाइकाला पावशेर रव्याऐवजी पावशेर मीठ बांधून दिलं, आणि ते माणूस घरी जाऊन शिरा करणार होतं.

हरिबा परत बाकड्यावर बसला पाहिजे. आप्पांच्या डोक्यात आता दुसरं काही राहिलं नाही.

तेरमध्ये जमीन उकरली की जुनं काहीतरी निघतं: मणी, खापरं, हस्तिदंताचे तुकडे. आप्पांनी जमिनीऐवजी माळा उकरला आणि काँप्युटर निघाला. थोरला मुलगा बसवेश कोर्स करत होता तेव्हा घेतलेला. मॉनिटर पाठीमागून पोक आल्यासारखा. त्यावर गिरिजाबाईंनी विणलेलं पोपटाच्या जोडीचं झाकण. बसवेश पुण्याला नोकरीला गेला तसा काँप्युटर माळ्यावर गेला, आणि वर्षातून एकदा, दसऱ्याला खाली उतरून, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल घेऊन परत वर जायचा. देवपण आलेल्या माणसाला कुणी काम सांगत नाही, तसं त्याचं झालं होतं.

आप्पांनी बसवेशला फोन लावला. तो हसला. "आप्पा, ते भंगारात द्या. मी नवा लॅपटॉप पाठवतो."

"नगं."

"आवो, का नको?"

"तुज्या लॅपटॉपनं शंभूला हरिवलं तर तू हरिवलंस. मी कुठं हरिवलं?"

खर्चाचं खातं गिरिजाबाईंकडं. त्या सरळ म्हणाल्या, "गल्ल्याला हात लावायचा न्हाय. तेलाचे रिकामे डबे आन् बारदाना इकून जे येतंय, तेवढ्यात तुमची हौस भागवा." किराणा दुकानदाराच्या बायकोनं मांडलेलं अंदाजपत्रक असतं हे. दिल्लीतल्या अंदाजपत्रकाला पुरवणी मागता येते, ह्याला येत नाही.

डबे विकले, पोती विकली, एक पोतं ठेवलं. त्यात काँप्युटरचा डबा घातला, तोंड सुतळीनं शिवलं आणि आप्पा धाराशिवच्या एसटीत बसले. पोतं मांडीवर, दोन्ही हात पोत्याभोवती.

कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता पोत्याकडं बघितलं. "काय हाय ह्यात, आजोबा? कोंबडं-बिंबडं न्हाय ना?"

"आमच्यात कोंबडं चालत न्हाय."

"मग?"

"साडूचं नाक हाय," आप्पा म्हणाले. "कापायला चाललोय."

कंडक्टरलाही साडू असावा. त्यानं सामानाचं तिकीट मागितलं नाही.

धाराशिवच्या बसस्टँडजवळ बजरंगचं दुरुस्तीचं दुकान आहे. बजरंगनं डबा उघडला आणि आत फुंकर मारली. पीठ उडालं, दोन वाळकी झुरळं पडली आणि पाठोपाठ मूठभर धणे.

"आप्पा, ह्यात तर किराणा हाय."

"उंदरानं नेलं असंल. बरं झालं, हिशोब लागला," आप्पा म्हणाले आणि धणे खिशात घातले.

बजरंगनं मशीन झाडलं, पुसलं, दुसऱ्या एका मेलेल्या काँप्युटरातली मेमरीची पट्टी काढून ह्याच्यात बसवली. जुनी विंडोज चालणार नव्हती, म्हणून एक हलकी, फुकटची सिस्टिम टाकली. 'फुकटची' हा शब्द ऐकून आप्पांनी तिला मनोमन नमस्कार केला. मशीन घुरघुरलं, खोकलं आणि चालू झालं. कोपऱ्यात तारीख आली. एक जानेवारी दोन हजार नऊ.

"ह्याचा आतला सेल मेलाय," बजरंग म्हणाला. "मशीनला वाटतंय अजून दोन हजार नऊ चाललंय. तारीख चुकीची असली की नेटवरची पानं दार उघडत न्हाईत. म्हणत्यात, तुमी कोण, कुठल्या काळातनं आलाव?"

आप्पा त्या तारखेकडं बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तवा शंभूचं दुकान न्हवतं."

"काय म्हणलाव?"

"न्हाय, म्हणलं, काळ चांगला हुता. बदल सेल."

सेल बदलला, साल बदललं. राहिलं नेट. बजरंगनं केबलच्या लाईनची वर्षाची आगाऊ रक्कम सांगितली, तशी आप्पांनी दुकानातलं कॅलेंडर बघायला सुरुवात केली. मग त्यानं सिमकार्डाचं यंत्र सांगितलं, आप्पा कॅलेंडरच बघत राहिले.

"ह्याच्याहून स्वस्त?"

"घरात टचचा फोन हाय का कुणाचा?"

"मंडळीचा हाय. बसवेशनं दिलाय."

"मग झालं की. तिच्या चार्जिंगच्या वायरीनं फोन काँप्युटरला जोडायचा, फोनात एक बटण चालू करायचं. फोनातलं नेट वायरीतनं मशीनीत येतंय. एक रुपया न्हाय लागत."

आप्पांनी बजरंगच्या डोक्यावर हात ठेवला. "पुत्रवंत हो," म्हणाले. बजरंगला दोन मुलगे आहेत, पण त्यानं आशीर्वाद घेतला.

घरी आल्यावर काँप्युटर काउंटरवर, रस्त्याकडं तोंड करून. बरण्या मागं सरकल्या, बडीशेपची बरणी तर येता-जाता चिमूट उचलणाऱ्या शंभुलिंगला दिसू नये इतकी मागं. गिरिजाबाईंचा फोन वायरीनं बांधला. बटण दाबलं आणि सोयाबीनचा भाव आला. असा आला, जसा वाटच बघत होता. आप्पांनी डोळे मिटून हात जोडले. गल्लीतनं जाणाऱ्या प्रत्येकाला हाक गेली. "या! बगा! ताजा हाय! अजून वाफ हाय त्याला!"

लोक आले. पोक आलेल्या मॉनिटरवर आकडा बघितला. "वा, आप्पा!" म्हणाले. हरिबाही आला. वाकून बघितलं, मग समोर मान वळवून शंभुलिंगच्या मॉनिटरवर बघितलं.

"तितकाच हाय की," म्हणाला आणि परत समोर जाऊन पंख्याखाली बसला.

आप्पांनी निदान केलं की आपलं नेट चालतं, पण पळत नाही. मग त्यांनी ते पळवायला घेतलं. दिवसभर कुस्त्या लावून ठेवल्या. एक फड संपला की दुसरा. पैलवान मॉनिटरवर घुमायला लागले आणि गल्लीत गर्दी व्हायला लागली. आप्पांच्या नेटनं कुठं अडखळायचं नाव घेतलं नाही. आणि त्याच आठवड्यात समोर एक नवल घडलं: शंभुलिंगच्या मॉनिटरवरचं गोल चक्र फिरायचं थांबेना. एक सातबारा निघायला माणूस चहा पिऊन यायचा. शंभुलिंगनं लाईनवाल्याला फोन केला, मग मोठ्यानं फोन केला, मग शेवटी ते नेटचं डबडं आतल्या फळीवरनं उचलून रस्त्याकडच्या खिडकीत आणून बांधलं, हवा लागावी म्हणून. त्या दिवसापासून आप्पांचे पैलवान आणखी स्वच्छ दिसायला लागले.

शेवटी शंभुलिंग गल्ली ओलांडून आला. साडू साडूच्या दारात आपण होऊन आला म्हणजे काय जळत असेल ते जळणाऱ्यालाच ठाऊक.

"आप्पा, नेट लई झकास हाय तुमचं."

"हाय जरा."

"कुठल्या कंपनीचं?"

आप्पांनी बडीशेपची बरणी पुढं ओढली, चिमूटभर त्याच्या हातावर ठेवली. "घरचं हाय," म्हणाले.

"घरचं म्हंजी?"

"घरचं म्हंजी घरचं. दूध असतंय, तसं."

शंभुलिंग बडीशेप न खाता परत गेला. आप्पांना इतकी गाढ झोप लग्नानंतर पहिल्यांदा लागली, असं गिरिजाबाई सांगतात.

पण सुख आलं की त्याच्या पायात काटा असतोच. आप्पांच्या लक्षात एक गोष्ट यायला लागली. शंभुलिंग दुपारी जेवायला जाताना शटर ओढतो, इकडं पैलवान लांगेत हात घातल्या घातल्या थिजतो. शंभुलिंग परत येऊन शटर उघडतो, पैलवान सुटतो. संध्याकाळी समोरचं दुकान बंद झालं की आप्पांचं नेट गेलंच. आप्पांनी दोन दिवस लक्ष ठेवलं आणि गिरिजाबाईंना गाठलं.

"गिरिजा, हा शंभू माजं नेट बंद करतोय."

"आवं, तो कशाला करंल?"

"जळतोय. चक्र बघितलंस का त्याचं? स्वतःचं चालंना, म्हणून माजं बंद. शटरातच काय तरी बसिवलंय त्यानं."

"तुमचं आपलं काय तरीच," गिरिजाबाई म्हणाल्या. त्यांना त्या नेटचा वेगळाच वैताग होता. फोन दिवसभर वायरीला बांधलेला, त्यामुळं समोरच्या घरातल्या धाकट्या बहिणीशी, महेश्वरीशी, फोनवर बोलता येत नव्हतं. गल्ली ओलांडून बोलावं लागायचं, आणि तोंडासमोर उभं राहून माणसाला निवांत बोलता येतं का?

अशात येळवस आली. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या ह्या अमावास्येला गावात माणूस राहत नाही. सगळी शेतात. कडब्याची खोप करायची, आत पाच पांडवांचे दगड पुजायचे, आणि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर घेऊन दिवसभर वाटेच्या माणसाला हाका मारायच्या. ज्याला शेत नाही त्याला दहा शेतांची आमंत्रणं. आप्पांना शेत नाही. त्यामुळं दरवर्षी ते शंभुलिंगच्या शेतात जेवायचे. ह्या वर्षी त्यांनी जाहीर केलं, "मी येणार न्हाय. मी दुकानात बसणार. आन् फोन हितंच ठेवून जा."

गिरिजाबाई बहिणीच्या मदतीला पहाटेच गेल्या. ऊन वर आलं तशी गल्ली रिकामी झाली. सगळ्यात शेवटी शंभुलिंगनं शटर ओढलं, आंबिलीचं मडकं गाडीवर घेतलं आणि आप्पांना हाक मारली. "चला की, आप्पा!" आप्पांनी ऐकलं नाही असं केलं. गाडीचा आवाज लांब गेला. आप्पांनी मॉनिटरकडं बघितलं. पैलवान थिजला होता.

म्हणजे साडू गावातच नाही, शटर बंद, कुलूप लागलेलं, आणि नेट तरीही बंद! आप्पांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा शेतात बसूनसुद्धा बंद करतो! ज्याचा हेवा वाटतो त्याच्या अंगात किती विद्या आहेत असं वाटतं, त्याला सीमा नसते. आप्पांनी वायर उपसली, फोन पिशवीत टाकला, दुकान बंद केलं आणि साडूला रंगेहाथ पकडायला शेताकडं चालू लागले.

वाटेतल्या प्रत्येक शेतातनं हाक येत होती. "आप्पा, जेवून जावा!" एरवी आप्पा तीन शेतांत जेवून चौथ्यात पडून राहिले असते. आज ते नुसता हात हलवत पुढं जात राहिले. लोकांना वाटलं, कुणी वारलं की काय.

शंभुलिंगच्या शेतात अर्धी गल्ली जमली होती. खोपीसमोर पंगत बसायची तयारी, हरिबा पत्रावळी मांडत होता. शंभुलिंग उंडे मोडत बसलेला. आप्पा बांधावरच थांबले आणि "लातूर!" म्हणायच्या आवाजात म्हणाले, "शंभू! हात वर कर!"

शंभुलिंगनं दोन्ही हात वर केले. एकात उंडा होता.

"कुठनं बंद करलालास माजं नेट?"

"मी?"

"तू जेवाय गेलास की जातंय, घरी गेलास की जातंय, आता शेतात आलास तरी गेलं! काय यंत्र हाय ते काड भाईर!"

"आप्पा, आज अमावास्या, बाजार बंद. भाव तरी कुठला बघलालाव?"

"भाव नसला तर नसू दे! नेट पायजे!"

त्या आवाजानं आंबिलीवरची माशीसुद्धा उठली. तेवढ्यात खोपीमागनं महेश्वरी पदराला हात पुसत पुढं आली.

"दाजी, ती वायर कुणाच्या फोनला लावताव?"

"तुज्या आक्काच्या."

"आक्काच्या फोनात नेटचा रिचार्ज कुठाय?"

आप्पांनी गिरिजाबाईंकडं बघितलं. गिरिजाबाई भज्जीच्या पातेल्याकडं बघत होत्या.

"बसवेश करतोय की," आप्पा म्हणाले.

"तो बोलण्यापुरता करतोय," गिरिजाबाई पातेल्याला म्हणाल्या. "नेट आमच्या ह्या महेश्वरीचं हाय. पासवर्ड दिलाय तिनं मला. वरीस झालं. मी रांगोळ्या बघते त्याच्यावर."

"म्हंजी वायरीतनं..."

"मला काय ठावं, वायरीतनं ते बी जातंय म्हणून? मला वाटलं, वायर लावली की तुमचं येगळं."

पंगतीत कुणीतरी हसू गिळलं आणि ते त्याला पचलं नाही. मग सगळेच सुटले. शंभुलिंगचे हात अजून वरच होते, ते त्यानं खाली केले.

"म्हंजी आप्पा, म्हैनाभर तुमचे पैलवान माज्या लाईनीवर कुस्त्या खेळलालते?"

आप्पांनी फोनची पिशवी पाठीमागं सरकवली.

"आन् मी त्या लाईनवाल्याच्या आईबापाचा उद्धार केला! खिडकीत नेऊन बांधलं ते डबडं, तुमच्याच दाराकडं तोंड करून! आन् मी दुकानाचं मेन बटण बंद करून जातो रोज, लाईटबिल वाचावं म्हणून, त्यानं..."

"मेन बटण," आप्पा पुटपुटले.

"घरचं हाय म्हणलाव मला!" शंभुलिंगचा आवाज आता आप्पांच्या पट्टीत गेला. मग तो बायकोकडं वळला. "आन् तू मला इचारलं बी न्हाईस? आजच पासवर्ड बदलतो!"

"बदला की," महेश्वरी शांतपणे म्हणाली. "नवा काय ठेवताव तेवढं मला सांगून ठेवा."

आप्पा मागं फिरले. पण येळवशीला दुसऱ्याच्या बांधावरनं उपाशी फिरणं सोपं नाही. महेश्वरीनं पिशवी धरली, हरिबानं दंड धरला आणि आप्पांना पत्रावळीसमोर बसवलं. त्यांनी घास घेतला, समोर शंभुलिंग बसलेला बघितला आणि म्हणाले, "भज्जीत मीठ कमी हाय."

"मीच केलीया," गिरिजाबाई म्हणाल्या.

आप्पांनी दुसरा घास मुकाट्यानं घेतला. मग पत्रावळीवरचं बोट न उचलता म्हणाले, "हरिबा, तू सांग. नेट कुणाचं का असंना. भाव तर ताजा दिसत हुता माज्याकडं. तरी तू समोरच का बसायचास?"

हरिबानं आंबिलीचा घोट घेतला. "आप्पा, भाव तर माज्या पोराच्या फोनात बी दिसतोय."

"मग?"

"पेपर हुता तवा तुमी त्या भावाला धरून झोडायचाव. शिळा का असंना, झोडायचाव. तो काँप्युटर आल्यापसनं नुसतं 'या, बगा' म्हणताव. आन् कुस्त्या लावताव. आवं, नुसतं बघायचंच हाय तर तिकडं पंखा तरी हाय."

"व्हय, व्हय," पंगतीतनं आवाज आले.

"शंभूच्या हितं भाव बगितला की तसाच पोटात ऱ्हातोय," हरिबा म्हणाला. "घरी जाऊन मग बायकोवर निघतोय. ती म्हणती, आप्पाकडं जात जावा बया."

आप्पांनी मान वर केली. आनंदानं म्हणावं तर तसं नाही. ताजा भाव पाहिजे, आणि तो शंभूच्या लाईनवरनंच यायचा, हे गणित त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होतं. साडूचा उपकार! भाकरीतल्या खड्यासारखा दाताखाली येणारा. शेवटी ते पाणी प्याले, त्यांनी मिशी पुसली.

"शंभू, फुकटात नगं मला. लाईनीचं निम्मं बिल माजं."

"गल्ल्यातनं?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"डब्यातनं. बारदान्यातनं. कुठनं बी. पण निम्मं नेट माजं हाय, हे समद्यांच्या म्होरं सांगून ठेवतो. कुस्त्या बंद. निस्ता भाव. आन् तू मेन बटण बंद करताना ते नेटचं डबडं सोडून बाकीचं बंद कर."

शंभुलिंगचं निम्मं बिल वाचत होतं आणि चक्र फिरायचं थांबणार होतं. त्यानं आप्पांच्या पत्रावळीवर खीर वाढली. साडूनं साडूला वाढलेली खीर दोघंही बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीत माणसं बाकड्याच्या बाजूला आपसूक सरकली. हरिबा सगळ्यात आधी, त्याच्या जुन्या जागी. आप्पांनी पोपटाचं झाकण काढलं, पोक आलेला मॉनिटर स्वतःकडं वळवून घेतला, रस्त्याकडं पाठ. भाव आला. आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला.

"लातूर!"

बाकड्यानं श्वास धरला.

"आरं, काल सुट्टी घेतलीस, खीर खाल्लीस, आन् आज अंगात काय बी न्हाय तुज्या? पन्नासनं खाली? लाज हाय का? आमच्या हरिबाची बायको पोत्यांना वळसे घालून घालून वाळाय लागली, आन् तू..."

"बरं बोलला आप्पा!" थाप पडली, बाकडं हललं. समोर पंख्याखालच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. शंभुलिंग शटरात उभा राहून ऐकत होता आणि त्याच्या तोंडावर आता तेच होतं, जे आप्पांच्या तोंडावर कित्येक महिने होतं. त्याच्याकडं पंखा होता, पातळ मॉनिटर होता, लाईन होती. पण आपल्याला असं तोंड सोडून बोलता येत नाही, हे त्याला माहीत होतं.

बैठक पांगली, तसा तो गल्ली ओलांडून आला. चेहरा पाडून म्हणाला, "आप्पा, जमलं ना तुमच्या मनासारखं?"

आप्पा गुळाची ढेप झाकत होते. ते थांबले. हरिबा परत मिळाला होता, माणसं परत मिळाली होती. शहाण्या माणसानं इथं गप्प बसावं. पण त्यांनी मान वर करून खिडकीतल्या त्या डबड्याकडं, मग आपल्या मॉनिटरकडं आणि मग साडूकडं संशयानं बघितलं.

"शंभू, एक सांग. ह्यातलं माजं निम्मं कुठलं आन् तुजं निम्मं कुठलं?"

"आवं आप्पा, नेटला काय मधे बांध असतोय व्हय?"

"बांध न्हाय?" आप्पांनी ढेपेवरचं फडकं काउंटरवर आपटलं. "मग तर तू रोज कोरशील की रे माज्या बाजूला!"